एका डोळ्याची दुर्बीण

दिवाळी सरली आणि आमच्या कॉलनीच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या. रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नसतात, तेवढ्यात लांबून ट्रॅक्टरवरचा कर्णा ऐकू येतो. मग खिडकीची काच थरथरते आणि एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या उसाचा डोंगर घेऊन वळणावर कण्हत वळतात. उजाडल्यावर बाहेर यावं तर रस्ताभर उसाच्या कांड्या, पाचट, टायरखाली चिरडलेला ओला चोथा. शेजारच्या काकू दरवर्षी दारात उभ्या राहून म्हणतात, "आला बाई गुळाचा वास!" खरंच येतो. वारा तिकडचा असेल तर गुऱ्हाळातल्या काहिलीत शिजणाऱ्या रसाचा वास कोल्हापुरात घरात बसून घेता येतो.

मला मात्र तो वास सुखानं घेता येत नाही. हात आपोआप फोनकडे जातो. गावाकडे, वहिनीला. "आण्णा कुठं आहेत?" हा माझा पहिला प्रश्न असतो. वहिनीला आता सवय झाली आहे. ती हॅलोसुद्धा म्हणत नाही, फोन उचलते आणि म्हणते, "सोप्यात बसल्यात. च्या पित्यात." मग माझा जीव भांड्यात पडतो.

हे असं गव्याच्या त्या हंगामापासून झालं.

माझं माहेर पन्हाळ्याच्या पलीकडे, डोंगर उतरून आलं की लागणाऱ्या गावात. घर गावाच्या कडेला, जरा टेकावर. खाली आमचा मळा, मळ्याच्या पलीकडून ओढा, ओढ्याच्या वर पुन्हा डोंगर आणि त्यावर जंगल. घराच्या गच्चीवर उभं राहिलं की हे सगळं पायाशी पसरलेलं दिसतं. पण उतारामुळे अंतर फसवं आहे. वरून वाटतं, हाक मारली की पोचेल. ती पोचत नाही.

लहानपणी याच मळ्याकडे जाणाऱ्या पाणंदीतून मी आणि दादा डोळे मिटून पळायचो. दोन्ही बाजूंना ऊस डोक्यावर गेलेला, मधून बैलगाडीपुरती वाट. आई ओरडायची ती सापाला भिऊन. उसात माणसाच्या उंचीएवढं काही उभं असेल, असं आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. आता त्या पाणंदीच्या तोंडाशी मी उभी राहते तेव्हा ऐकते. वाऱ्यानं ऊस सळसळतो तो आवाज आणि अंगानं ऊस बाजूला सारला जातो तो आवाज, पहिल्या क्षणाला अगदी सारखे असतात. दुसऱ्या क्षणाला फरक कळतो. त्या दोन क्षणांच्या मधली जागा फार वाईट असते.

त्या वर्षी पाऊस संपता संपताच गवे खाली उतरले होते. डोंगरात पाणी आटलं म्हणून, वरच्या बाजूला कुणी चर मारले म्हणून, उसाची गोडी लागली म्हणून. प्रत्येकाचं कारण वेगळं. आधी फक्त खुरांचे ठसे दिसले, बैलाच्या दीडपट. मग एकाच्या मक्यात रात्रीतून रान झोपलेलं सापडलं. आणि मग वरच्या वाडीतला एक माणूस सकाळी मोटर चालू करायला गेला आणि त्याला गव्यानं शिंगावर घेतलं. तो माणूस दवाखान्यात पोचेपर्यंतच गेला. आण्णांच्या ओळखीचा होता. बाजारात त्यांच्याकडून तंबाखू मागून घ्यायचा.

ऊसतोड सुरू झाली तशी भीती कमी होईल असं मला वाटलं होतं. शेतं मोकळी होतील, नजर लांबवर जाईल. झालं उलटंच. एक फड तुटला की त्यातलं जनावर शेजारच्या उभ्या उसात शिरायचं. तो तुटला की त्याच्या पुढच्या. जसजशी रानं उघडी पडत गेली तसतसा लपायला उरलेला ऊस कमी होत गेला, आणि पौषात आमच्या मळ्याच्या आसपासचे मोजकेच तुकडे हिरवे उभे राहिले. सगळ्या गावाला ठाऊक होतं, जे काही आहे ते आता यांतच आहे.

आणि आण्णा रोज सकाळी मळ्याकडे जायचे.

आण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हाच ऐंशीच्या घरात. तरुणपणी उसाचं पातं लागून डावा डोळा गेला, तेव्हापासून सगळं आयुष्य उजव्या डोळ्यावर काढलं. त्या उजव्यातलाही मोतीबिंदू काढला, त्यानंतर लांबचं स्वच्छ दिसायला लागलं. कानांनी मात्र दगा दिला. दादानं घेऊन दिलेलं कानातलं यंत्र "शिट्ट्या मारतंय" म्हणून डबीत पडून असायचं. दादाची फौंड्रीत पाळीची नोकरी. घर, म्हशी, दूध सगळं वहिनीच्या अंगावर. शोभावहिनी. आवाज असा की ती गोठ्यातून बोलली तर चावडीवर कळावं. पण आण्णांपुढे तिचंही चालायचं नाही.

"आण्णा, थोडे दिवस सकाळी मळ्याकडं जाऊ नका," मी फोनवर ओरडून सांगायची.

"ऊस माझा हाय का त्येचा?"

"तो मारतो, आण्णा."

"मग घरात बसून मरू व्हय? गव्हाला पाणी कोण दील?"

पुढे फोन वहिनीच्या हातात यायचा. "वन्सं, मी काय त्यांस्नी दोरीनं बांधू? उजाडलं की काठी घेतली आणि निघालं. माज्या जिवाचं पाणी पाणी हुतंय हितं." वहिनीचा आवाज त्या दिवसांत पहिल्यांदा मला बारीक वाटला होता.

जाणं थांबत नसेल तर निदान बघून जावं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. गच्चीवरून आधी सगळं रान न्याहाळायचं, मगच पाणंदीत पाय घालायचा. त्यासाठी दुर्बीण हवी. आणि आण्णांना एकच डोळा, म्हणजे दोन नळ्यांची दुर्बीण अर्धी वायाच. मला त्यांच्या एका डोळ्यापुरती, सदऱ्याच्या खिशात मावेल अशी एकनळी दुर्बीण हवी होती.

मी शिकवते ती शाळा सुटल्यावर मी चष्म्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं काचेवर चार-पाच एकनळी दुर्बिणी मांडल्या आणि सर्वांत मोठ्या पटीची माझ्या हातात दिली. "ताई, हे घ्या. चंद्रावरचे खड्डे दिसतील."

मला चंद्र नको होता. पण भीतीच्या पोटी माणसाला मोठंच हवं असतं. जितकं जवळ दिसेल तितकं बरं, असंच मलाही वाटत होतं. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी नळी डोळ्याला लावली. समोरच्या इमारतीच्या सज्जावर एक पारवा बसला होता, तो शोधायलाच वेळ लागला. मधे नुसत्या भिंती आणि तारा सरकत होत्या. सापडला तेव्हा तो नाचत होता. पारवा स्वस्थ बसलेला, नाचत होते ते माझे हात. नीट पाहिलं तर त्या नाचण्याला एक ठेका होता. थोड्या वेळानं लक्षात आलं, तो माझ्या छातीचा ठेका आहे. बारा पटीनं जवळ आणणारी काच माझी धडधडही बारा पटीनं मोठी करून दाखवत होती. मी घाबरून ती खाली ठेवली.

आठ पटीची घेतली तेव्हा पारवा थोडा लहान झाला, पण थांबला. आजूबाजूचा सज्जाही दिसायला लागला. मग पुढची काच केवढी हवी हा प्रश्न. अगदी बारीक, लिपस्टिकएवढी एक नळी होती. खिशात सुरेख बसली असती. पण दिवस मावळतीला लागला होता आणि तिच्यातून सज्जाखालची सावली नुसती काळी दिसत होती. त्याहून जरा जाड होती तिच्यातून त्याच सावलीत गुंडाळून ठेवलेली वायर ओळखू आली. आण्णा बघणार ते पहाटेच्या धुक्यात, उसाच्या बुडातल्या अंधारात. काळ्या सावलीत काळं जनावर. मी जाड घेतली. डोळ्याकडचं रबर मागे दुमडून चष्म्यासकट बघता येतं ना, तेही पाहिलं. कारण आण्णा चष्मा काढणार नाहीत आणि काढला तर कुठेतरी ठेवून विसरतील. दुकानदार म्हणाला, "कशासाठी पाहिजे, पक्षी?" मी म्हणाले, "हो, पक्षीच." गवा हा शब्द तोंडातून काढवेना.

नाताळच्या सुट्टीला गावी गेले तेव्हा आण्णांनी नळी हातात घेऊन उलटसुलट केली. "ह्येच्यात काय दिसतंय?"

"आधी बघा, मग जा," मी कानाशी तोंड नेऊन सांगितलं. "रोज. माझी शपथ आहे."

त्यांनी ती डोळ्याला लावली आणि लगेच काढली. "समदं हिंदकाळतंय. होडीत बसल्यावानी."

त्यांचा हात वयानं थरथरत होता, हे मी धरलंच नव्हतं. दुकानात मी माझे हात तपासले, त्यांचे नाही. मग ती सगळी नाताळची सुट्टी आमची गच्चीवर गेली. आधी उघड्या डोळ्यानं जागा धरायची. बांधावरचं आंब्याचं झाड, विहिरीचा कठडा. आणि मान न हलवता नळी डोळ्यासमोर आणायची. एका हातानं पुढून धरायची, दुसऱ्या हाताचा अंगठा गालाच्या हाडाला टेकवायचा. कोपरं बरगड्यांना चिकटवायची. पाठ पाण्याच्या टाकीला लावून बसायचं. श्वास हळू सोडायचा आणि सोडता सोडता मधेच थांबून बघायचं. थंडीत तोंडाची वाफ काचेवर बसायची, म्हणून श्वास खाली, छातीकडे सोडायचा. आण्णा हे सगळं मन लावून करायचे. पण हात ऐकायचा नाही. झाड थांबायचं, पुन्हा निसटायचं. त्यांचा चेहरा पडायचा.

तोडगा वहिनीनं काढला. आण्णांच्या जुन्या धोतराची तिनं उशीएवढी पिशवी शिवली, त्यात शाळूचे, म्हणजे ज्वारीचे दाणे भरले आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवली. मुठीनं मधे खळगा पाडला. "ह्येच्यात ठेवा की नळी. तान्ह्या पोराचं डोस्कं ठेवल्यावानी." आण्णांनी नळी त्या खळग्यात बसवली, गुडघे टेकून डोळा लावला, हात सैल सोडले. मग म्हणाले, "आंब्यावर बगळा हाय. मान साफ करतूय."

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि ओरडली, "तुमच्या बगळ्याच्या नादात म्हशी उपाशी हायत माज्या!"

त्यानंतर आण्णा रोज बघायचे. खाली जाण्याआधी कठड्याशी गुडघे टेकून आमचा ऊस, शेजारच्यांचा ऊस, ओढ्याची कड. देवपूजेसारखं. पण भीती जाते असं नाही. ज्या सकाळी काही दिसायचं नाही त्या सकाळी मला वाटायचं, आहे, पण दिसत नाही. पूर्वी सगळं रान एकसारखं भीतिदायक होतं. आता त्यातली एकेक सावली वेगळी ओळखून तिला भिता येत होतं. गावाच्या मोबाइलच्या ग्रुपवर तर रोज गवा दिसायचा. कुठल्या तरी भलत्याच राज्यातले फोटो, "आत्ताच, आपल्या शाळेमागे" म्हणून. पोरं मोटरसायकली काढून धावायची. भिऊन पळायचं सोडून माणसं भीतीच्याच मागे पळत होती, खिशातला मोबाइल हातात घेऊन.

आणि तो दिवस. संक्रांतीच्या आसपासचा. मी रविवारला जोडून रजा टाकून आले होते. सकाळचं धुकं विरलं होतं, ऊन कोवळं होतं. आण्णांनी बघितलं, मी बघितलं, काही नव्हतं. आण्णा काठी घेऊन खाली उतरले. मी गच्चीवरच थांबले. ते गव्हाच्या वाफ्याशी पोचले, वाकून दारं मोडायला लागले. म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात सोडायला. नळीतून त्यांच्या पाठीवरची सदऱ्याची सुरकुती दिसत होती.

मग सडकेकडून आरडाओरडा ऐकू आला. पलीकडच्या फडात तोडकऱ्यांना गवा दिसला होता आणि बातमी फुटली होती. मी नळी तिकडे फिरवली. मोटरसायकली बांधावर टाकून माणसं उसाच्या कडेनं पसरत होती. शिट्ट्या, डबे, कुणाच्या हातात फटाके. ती सगळी रांग ओढ्याच्या बाजूनं होती. म्हणजे उसातून जे बाहेर पडेल त्याला डोंगराकडची वाट बंद. मोकळी बाजू एकच, आमच्या गव्हाची.

"आण्णा!" मी ओरडले. हाक उतारावरच विरली. फोन केला. आण्णांचा फोन खालीच, सोप्यातल्या फळीवर वाजायला लागला.

वहिनी गोठ्यातून बाहेर आली. माझं तोंड बघून तिला काही विचारावं लागलं नाही. मी फक्त मळ्याकडे हात केला. शेणानं भरलेल्या हातानं तिनं कोनाड्यातला विळा घेतला, फोन कमरेला खोचला आणि पाणंदीनं धावत सुटली. त्याच पाणंदीनं, दोन्ही बाजूंना उभ्या उसातून. तीही आत गेली आणि दिसेनाशी झाली. आता माझी दोन माणसं खाली होती आणि मी वर, हातात एक नळी घेऊन.

ऊस फाटला आणि तो बाहेर आला.

इतकं मोठं काही मी मोकळ्या उन्हात कधी पाहिलं नव्हतं. काळाभोर, पाठीवर उंचवटा, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. उसातून तो आला आणि गव्हाच्या कडेला थांबला. आण्णांची पाठ त्याच्याकडे होती. त्यांच्यामधे फक्त वाफे होते. आण्णा खोऱ्यानं माती ओढत होते.

मी नळी डोळ्याला लावली आणि मला काहीच दिसेना. गहू, आभाळ, काळं, पुन्हा गहू. माझा जीव हातात उतरला होता आणि हात कुठेच ठरत नव्हते. ओरडून उपयोग नव्हता, धावून वेळेत पोचणं शक्य नव्हतं. मी कठड्याशी गुडघ्यांवर बसले. शाळूच्या पिशवीत नळी दाबून बसवली. गाल पिशवीवर टेकला. श्वास सोडला आणि अर्ध्यावर धरला.

गवा दिसला. त्याच्या कुशीची कातडी सारखी थरथरत होती. मला वाटलं, माझाच हात अजून हलतोय. मी हात काढून घेतले. नळी पिशवीत घट्ट होती. मागचा बांध स्थिर होता, त्याच्यावरचं गवत स्थिर होतं, आण्णांची टोपी स्थिर होती. थरथरत होता तो गवाच. तोंडातून फेसाची तार लोंबत होती. डोळ्याचं पांढरं दिसत होतं. तो आण्णांकडे बघतच नव्हता. तो पुन्हा पुन्हा मान वळवून ओढ्याकडे बघत होता. तिकडे फटाका वाजला की त्याचं सगळं अंग आत ओढलं जायचं आणि तो पाऊलभर गव्हाकडे सरकायचा.

त्याला जायचं होतं. त्याला जाऊ देत नव्हते.

मी वहिनीला फोन लावला. धापा टाकत तिनं उचलला. "वहिनी, आण्णांकडं जाऊ नका. तिकडून गेलात तर तो बुजेल. ओढ्याकडं जा. ती माणसं हटवा. ओढ्याची वाट मोकळी करा."

"आन् आण्णा?"

"तो आण्णांकडं बघत नाहीये. तो घाबरलाय, वहिनी. त्याला वाट हवी आहे. मला दिसतंय."

तिच्या सासऱ्यापासून तोंड फिरवून उलट्या बाजूला धावायला मी तिला सांगत होते, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून नळीतलं ते वाटोळं चित्र होतं. मी चुकले असते तर? हा प्रश्न मला आजही झोपेतून उठवतो.

वहिनी वळली. पाणंदीतून ती बाहेर पडताना दिसली आणि मग तिचा आवाज आला. तो मात्र गच्चीपर्यंत पोचला. "ए भाड्यांनो! व्हा बाजूला! माजा सासरा हाय तितं! तुमचा बा असता तर फटाकं लावलं असतं व्हय रं? बंद करा त्यो मोबाइल! बंद कर म्हंते की!" विळा घेऊन ती त्या रांगेत घुसली. एकाच्या हातातला डबा तिनं हिसकून फेकला. माणसं आधी हसली, मग मागे सरली. रांग मधून फुटली. ओढ्यात उतरणारी जागा उघडी पडली. वहिनीनं दोन्ही हात पसरून सगळ्यांना खाली बसवलं. शेवटी आवाज थांबले.

गवा तसाच उभा होता. मग त्यानं मान वळवली, ओढ्याकडे पाहिलं, कान हलवले आणि निघाला. आधी चालत, मग धावत. बांधावरून त्यानं एवढं मोठं अंग वासरासारखं उचललं आणि ओढ्याच्या झाडीत दिसेनासा झाला.

आण्णांनी तेव्हा पाठ सरळ केली. जमिनीतून काही जाणवलं असावं. त्यांनी वळून पाहिलं तर रिकामं रान, आणि ओढ्याजवळ बसलेली पन्नासभर माणसं. खोऱ्यावर हात ठेवून ते तसेच बघत राहिले.

वहिनी त्यांना घेऊन वर आली. ती पायरीवर बसली आणि उलटी झाली तिला. आण्णा मला विचारत होते, "काय झालं गं? एवढी माणसं कशापायी जमल्यात?" मी त्यांच्या सदऱ्याला धरून उभी राहिले. घामाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. संध्याकाळी दादा आला, त्यानं सगळं सांगितलं. आण्णांनी ऐकून घेतलं, हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचललाच नाही.

दोन-तीन दिवसांनी वनरक्षक घरी आला. शांत, मध्यम वयाचा माणूस. म्हणाला, गवा मेला. ओढ्यानं वर गेलेला, पण जंगलापर्यंत पोचला नाही. करवंदीच्या जाळीत पडलेला सापडला. "जखम?" दादानं विचारलं. "एकही नाही," तो म्हणाला. "एवढं पळवलं, एवढा भ्याला, की आतून गेला. होतं असं या जनावरांचं. दिसायला पहाड, पण काळीज टिकत नाही."

आण्णांना शब्द नीट ऐकू आले नसतील, पण समजलं. "मला न्या," ते म्हणाले.

आम्ही गेलो. पंचनामा होऊन खड्डा खणून झाला होता. जवळून तो आणखी मोठा वाटत होता, आणि वाटत होतं, आता उठेल. मी पुढे गेले नाही. मेल्यावरही मला त्याची भीती वाटत होती, हे खरं आहे. आण्णा काठी टेकत थेट डोक्याशी गेले. वाकून त्यांनी शिंगाला हात लावला. वरच्या वाडीतला त्यांचा ओळखीचा माणूस याच शिंगावर गेला की दुसऱ्या कुठल्या, कुणालाच माहीत नव्हतं. मग वहिनीला म्हणाले, "शोभा, ह्येला कुणीतरी सांगाय पायजे हुतं. आपुनबी भ्यालोय म्हणून."

वहिनीनं त्यांचा हात धरला आणि त्यांना उतारावरून सांभाळून खाली आणलं.

मी त्याला वाट मोकळी करून दिली, असं काही दिवस मला वाटत होतं. ते तितकंसं खरं नव्हतं. वाट मिळाली तोवर उशीर झाला होता. आण्णा वाचले, ही गोष्ट मी देवापुढे रोज म्हणते. त्याच्यापुढचं वाक्य मला म्हणता येत नाही.

त्यानंतर काही हंगाम गेले. आण्णा आता मळ्याकडे कमीच जातात, गुडघ्यांनी रजा घेतली आहे. गवे दरवर्षी उतरतात. ग्रुपवर फोटो येतात. मी वर्गात भूगोलाचा तास घेत असते, फळ्यावर सह्याद्रीची रेघ काढत असते आणि मधेच खडू थांबतो. मुलं म्हणतात, "मॅडम?"

परवा वहिनीचा फोन आला. मी करायच्या आधी, सकाळी सकाळी. तिचा फोन आला म्हणजे काहीतरी झालं.

"आण्णा?"

"बरं हायत. झोपल्यात." ती कुजबुजत होती. वहिनी कुजबुजू शकते हे मला माहीत नव्हतं. "वन्सं, ओढ्यावर आलीया. गवी हाय. संगं वासरू. तांबूस, एवढुसं. पाणी पित्यात."

"तुम्ही कुठं आहात?"

"गोठ्याच्या दाराआड. मला लई भ्या वाटतंय."

मलाही वाटत होतं. इथे, कोल्हापुरात, गॅसवर ठेवलेल्या दुधासमोर उभी असताना. वासरू असलेली गवी काय करू शकते, ते सगळ्या गावाला माहीत आहे. "कुणाला सांगितलं?"

"वनरक्षकाला तेवढा फोन केला. तो म्हणतूय, बोभाटा करू नका, मी येतूय गुमान. आन् दुसऱ्या कुणाला न्हाय. ह्यांस्नीबी न्हाय." ती थांबली. "पाणंदीच्या तोंडाला दोर बांधलाय मी. येईल त्येला सांगतीया, पाट फुटलाय, लई चिखल झालाय, पलीकडनं जावा."

"आणि कुणी ऐकलं नाही तर?"

"माजं?" वहिनी म्हणाली.

मग आम्ही दोघी फोन कानाला लावून गप्प राहिलो. तिकडे म्हैस रवंथ करत होती, तिच्या गळ्यातली साखळी मधूनच वाजत होती. त्यापलीकडे कुठलाही आवाज नव्हता. माझं दूध उतू गेलं तरी मी फोन ठेवला नाही. किती वेळानं कोण जाणे, वहिनी म्हणाली, "गेली. वासरू म्होरं आन् ती मागं." आणि मग, जरा वेळानं, तिच्या नेहमीच्या आवाजात पाणंदीकडे ओरडली, "ओ पावणं! तिकडनं न्हाय! चिखल हाय म्हंते की!"